एका लिबरेटरचा ताळेबंद



मुदत ठेवी, वारसनोंद, इच्छापत्र अशा विषयांवरच या सदरात बहुधा लिहिले जाते. निवृत्तीनंतर हात आणि मन दोन्ही गुंतवून ठेवील अशा एखाद्या छंदाविषयीही लिहावे, अशी सूचना काही वाचकांनी केली होती. माझा स्वतःचा छंद विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचा आहे. गेले काही महिने माझ्या टेबलावर आकार घेत आहे ते दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान, कन्सॉलिडेटेड बी-२४, म्हणजेच ‘लिबरेटर’. ते पाहून आमच्या एका ज्येष्ठ आप्तांनी मला सरळ प्रश्न केला, “अहो, अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या घरात बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला दिवाणखान्यात जागा कशासाठी?” प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे विमान काय होते आणि त्याची प्रतिकृती बनविणे म्हणजे नेमके काय करणे, हे सांगणे आवश्यक आहे.

एक इंच म्हणजे सहा फूट

प्रतिकृती आणि खेळणे यांत प्रमाणाचा फरक असतो. खेळण्याचे पंख जरा आखूड झाले तरी मुलाचे काही अडत नाही. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक माप एकाच पटीने लहान झालेले असावे लागते. विमानांच्या बाबतीत सर्वांत रूढ प्रमाण १:७२ हे आहे. ७२ इंच म्हणजे सहा फूट, म्हणून या प्रमाणात एक इंच म्हणजे सहा फूट, असा हा सुटसुटीत हिशेब. सहा फुटी वैमानिक एक इंचाचा होतो. लिबरेटरच्या पंखांचा पसारा ११० फुटांचा होता. तो माझ्या टेबलावर सव्वाअठरा इंचांहून किंचित अधिक भरतो.

१९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी विमानांचे संच याच प्रमाणात निघाले आणि १९३६पासून ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लॅस्टिकचे. युद्ध सुरू झाल्यावर या छंदाला वेगळेच महत्त्व आले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे जहाजावरील तोफचीला काही क्षणांत ओळखावे लागे. चूक झाली तर आपलीच माणसे मरत. हे शिक्षण देण्यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२मध्ये शाळकरी मुलांना विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले. प्रमाण तेच, १:७२. म्हणजे प्रतिकृतीतील अचूकपणा हा त्या काळी केवळ हौसेचा भाग नव्हता. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

विमान, कारखाना आणि युद्ध

लिबरेटरचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी अमेरिकेत सॅन दिएगो येथे झाले. पुढील पाच-सहा वर्षांत अशी १८,०००हून अधिक विमाने तयार झाली. व्यापारी वाचकांना त्यातील उत्पादनाची बाजू विशेष रुचेल. मोटारी बनविणाऱ्या फोर्ड कंपनीने मिशिगन राज्यात विलो रन येथे या विमानांसाठी प्रचंड कारखाना उभारला. विमान ही तोवर कुशल कारागिरांनी एकेक करून जुळवण्याची वस्तू होती. फोर्डने ती मोटारीप्रमाणे साखळीवर घेतली. १९४४मध्ये कामाचा वेग शिगेला पोहोचला, तेव्हा तेथून तासाला सुमारे एक विमान बाहेर पडत होते. याशिवाय फोर्डने विमानांचे सुटे भाग भरून टल्सा आणि फोर्ट वर्थ येथील कारखान्यांकडे पाठविले आणि तेथे त्यांची जुळणी झाली. प्रतिकृती बनविणाऱ्याच्या हाती सुट्या भागांचा जो डबा येतो, तसाच डबा खऱ्या लिबरेटरचाही होता. फक्त ७२ पट मोठा.

या विमानाने केलेली कामे एका रंगाची नाहीत. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी असा एक पट्टा होता, जेथे किनाऱ्यावरून उडणारी विमाने पोहोचू शकत नसत. तेथे जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांचे तांडे बुडवीत. १९४३च्या वसंतात लांब पल्ल्याचे लिबरेटर त्या पट्ट्यावर पहारा देऊ लागले आणि मे महिन्यात जर्मनीला उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या. धान्य आणि इंधन घेऊन येणारी किती जहाजे त्यामुळे वाचली असतील, याची कल्पना सागरी व्यापार करणाऱ्यांना सहज येईल.

त्याच वर्षी १ ऑगस्टला लिबियातून निघालेल्या १७७ लिबरेटरांनी रुमानियातील प्लोएश्ती येथील तेल शुद्धीकरण कारखान्यांवर अगदी खालून उडत हल्ला केला. पन्नासहून अधिक विमाने नष्ट झाली आणि तीनशेहून अधिक वैमानिक व सैनिक मारले गेले. त्यांतील एक विमान कोसळले ते शहरातील स्त्रियांच्या तुरुंगावर. तेथे मेलेल्या स्त्रियांचे त्या युद्धाशी काही देणे-घेणे नव्हते. बंगालमधील सालबोनी, दिग्री अशा तळांवरून उडणारे ब्रिटिश लिबरेटर ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर बॉम्ब टाकीत. ती रेल्वे ज्यांच्याकडून गुलामासारखी राबवून घेऊन बांधली होती, ते युद्धकैदी आणि मजूर मार्गालगतच्या छावण्यांत होते आणि या हल्ल्यांत त्यांच्यापैकीही काही दगावले. या विमानाच्या नावाचा अर्थ ‘मुक्तिदाता’ असा आहे. नाव आणि काम यांचा मेळ प्रत्येक वेळी बसला नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

भंगारातून उभे राहिलेले विमान

मी करीत असलेली प्रतिकृती कोणत्याही लिबरेटरची नाही. एका विशिष्ट विमानाची आहे. ब्रिटिश हवाई दलातील त्याचा क्रमांक केएन ७५१, तर भारतीय हवाई दलातील क्रमांक एचई ८०७. ते फोर्डच्या विलो रन कारखान्यात बनले. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत ते हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर ब्रिटिशांच्या ९९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते. जपानने शरणागती पत्करल्यानंतर कोकोसच्या लिबरेटरांनी युद्धकैद्यांच्या छावण्यांवर अन्न आणि औषधे टाकली. काही आठवड्यांपूर्वी ज्या पोटात बॉम्ब टांगले जात होते, त्याच पोटातून आता खाद्यसामग्री खाली येत होती.

युद्ध संपले आणि या विमानांचा वाली उरला नाही. उसनवारी-भाडेपट्टा कराराने अमेरिकेने ती ब्रिटनला दिली होती. काम संपल्यावर ती परत करावीत किंवा निकामी करावीत, अशी अट होती. इतकी विमाने परत नेणे परवडणारे नव्हते. तेव्हा कानपूरच्या तळावर सुमारे शंभर लिबरेटर आणून त्यांची मोडतोड करण्यात आली. कोणाच्या पत्र्याला भोके पाडली, कोणाच्या इंजिनात वाळू ओतली, कोणाची उपकरणे फोडली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता निर्लेखित झाली. पुस्तकात तिची किंमत शून्य.

स्वतंत्र भारताकडे तेव्हा जड बॉम्बफेकी विमाने नव्हती आणि ती विकत घेण्यासाठी परकीय चलनही विपुल नव्हते. या भंगारातून काही उभे करता येईल का, हे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे आले. ही कंपनी १९४०मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने स्थापन केली ती शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२मध्ये जन्मलेले वालचंदशेठ सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनमुळे आणि वालचंदनगरच्या साखर कारखान्यामुळे आपल्या वाचकांना परिचित आहेतच. भारतात विमान बनू शकते, यावर राज्यकर्त्यांचा विश्वास नव्हता त्या काळात त्यांनी हा कारखाना काढला. १९४२मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. परंतु युद्धकाळात तेथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत राहिली आणि भारतीय कारागिरांचा हात त्यावर बसला.

कानपूरला जाऊन एका विमानाचे चाक, दुसऱ्याचे पंखे, तिसऱ्याचे इंजिन असे करीत एकेक विमान बंगळूरपर्यंत एका उड्डाणापुरते उभे करायचे, ते उडवत न्यायचे आणि बंगळूरला त्याची संपूर्ण दुरुस्ती करायची, असा तो उद्योग होता. ही अर्धवट दुरुस्त विमाने उडवत नेण्याचे जोखमीचे काम कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. नोव्हेंबर १९४८मध्ये भारतीय हवाई दलाचे ५ क्रमांकाचे स्क्वॉड्रन या विमानांवर उभे राहिले आणि पुढे चाळीसहून अधिक लिबरेटर कामास आले. एचई ८०७ हे ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये पुण्याच्या तळावर होते. समुद्रावरील टेहळणी हे त्या स्क्वॉड्रनचे मुख्य काम. १९६८च्या अखेरीस भारताने लिबरेटर निवृत्त केले, तोवर इतर देशांच्या हवाई दलांतून ते कधीच गेले होते.

शून्य किमतीच्या या मालमत्तेची पुढची नोंद वाचण्यासारखी आहे. इतर देशांनी आपापले लिबरेटर वितळवून टाकल्यामुळे संग्रहालयांना विमान हवे झाले, तेव्हा त्यांना भारताकडे यावे लागले. एचई ८०७ हे १९७४मध्ये ब्रिटनला भेट म्हणून उडत गेले आणि आज लंडनच्या हेंडन येथील हवाई दल संग्रहालयात उभे आहे. कॅनडाने आपले जुने ‘लायसँडर’ विमान देऊन मोबदल्यात लिबरेटर नेले. तो लायसँडर दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेलाही स्वतःच बनविलेली ही विमाने भारतातून परत न्यावी लागली. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी कित्येक कानपूरच्या त्या भंगारातले आहेत.

पुरावा आणि पडताळणी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डब्यात पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे भाग चौकटीला जोडलेले असतात. प्रथम ते साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. भाग हाताने मोडून काढू नयेत, बारीक निपरने कापावेत आणि राहिलेला खुंट सोनाराच्या कानशीने घासावा. जोडण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडा बसवून पाहावा. यासाठी वापरायचा द्रव साध्या डिंकासारखा चिकटवत नाही. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन कडा एकजीव होतात. म्हणून तो थेंबाने नव्हे, कुंचल्याच्या टोकाने द्यावा आणि जोड दिवसभर हलवू नये. राहिलेली फट लांबी भरून बुजवावी आणि ४००, ६००, १००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाणी लावून क्रमाने घासावी.

लिबरेटरची एक खोड प्रतिकृतीतही उतरते. त्याला नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन, अशी तीन चाके असतात, पण शेपटीकडचा भाग जड. खऱ्या विमानातही माल भरताना शेपटीखाली टेकू लावत. प्रतिकृतीत नाकाच्या पोकळीत वजन भरले नाही, तर ती शेपटीवर बसते. बॉल-बेअरिंगच्या गोळ्या त्यासाठी चांगल्या. दोन्ही अर्धे शरीरभाग नुसते रबर लावून एकत्र धरावेत, मुख्य चाकांच्या जागी बोटांवर तोलून पाहावे आणि नाक खाली झुकेपर्यंत वजन वाढवावे. हे पोट बंद करण्यापूर्वी करायचे काम आहे; नंतर मार्ग राहत नाही.

यापुढचा भाग बारकाव्यांचा आणि माझ्यासारख्या बँकेतून आलेल्या माणसाला तोच अधिक प्रिय. व्हाउचरवाचून नोंद नाही, हा आमचा नियम. येथे व्हाउचर म्हणजे छायाचित्र. ज्याचा पुरावा नाही तो बारकावा कितीही शोभिवंत असला तरी लावायचा नाही. उदाहरणादाखल विमानावरील गोल राष्ट्रचिन्ह घ्या. आग्नेय आशियातील युद्धात ब्रिटिशांनी आपल्या चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घोटाळा झाला तर आपलेच विमान पडे; म्हणून तेथे गडद निळा आणि फिकट निळा एवढेच रंग दिसतात. १९४८ ते १९५० या काळात भारतीय विमानांवर अशोकचक्र होते. १९५०पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असे आजचे चिन्ह आले. त्यामुळे छायाचित्रावर तारीख नसली तरी चिन्ह पाहून काळ ठरविता येतो, धनादेशावरील शिक्क्यावरून आपण दिवस ठरवतो तसाच. मी पुण्याच्या तळावरील काळ निवडला आहे, तेव्हा तिरंगी चिन्हच येईल. चक्र मला अधिक देखणे वाटते, पण ते येथे खोटे ठरेल.

इंजिनांचेही तसेच. प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळींत. पुढून दिसते ती पहिली ओळ. तिच्या प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी एक तार दाखवायची म्हटले तर चार इंजिनांना २८ तारा लागतात. जुन्या इअरफोनच्या वायरीतील तांब्याचा एकेक केसासारखा धागा त्यास पुरतो. लिबरेटरच्या इंजिनांचे आवरण गोल नसून आडवे लांबट आहे. तेल आणि हवा थंड करणाऱ्या यंत्रणेची तोंडे दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला तो आकार आला. हे कारण ठाऊक असले की त्या तोंडांची खोली कोरताना हात चुकत नाही. प्रत्येक आकारामागे काही कारण असते आणि ते शोधण्यात या छंदाचा निम्मा आनंद आहे.

रंग चंदेरी. तो सर्वांत कठीण, कारण चंदेरी रंग काहीच लपवत नाही; घासलेला प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. म्हणून खाली चकचकीत काळा थर द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि त्यावर चंदेरीचे पातळ हात द्यावेत. मोठ्या विमानाचे पत्रे सगळे एकाच झळाळीचे नसतात, तेव्हा काही पत्र्यांना किंचित करड्या छटेचा चंदेरी द्यावा. चिन्हांचे पाण्याने सुटणारे कागद बसवण्याआधी चकचकीत वार्निश द्यावे, नाहीतर कागदाखाली हवा राहून पांढुरके डाग दिसतात. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला गडद रंग सोडून वरचा पुसून घ्यावा. इंजिनामागे पंखाखाली धुराचा हलका पट्टा द्यावा. येथे हात आखडता ठेवणे महत्त्वाचे. प्रत्यक्षातील तीन इंचांचा डाग येथे एक मिलिमीटरच्या आसपास येतो; त्याहून मोठा दिला तर विमान जुने दिसण्याऐवजी घाणेरडे दिसते.

आपल्या घरांसाठी दोन सूचना. उत्तम म्हणून विकले जाणारे बरेच कुंचले ‘सेबल’चे, म्हणजे विजल जातीच्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. नायलॉनचे कुंचले या कामाला पुरेसे आहेत, तेच मागून घ्यावेत. दुसरे, द्रवाची आणि रंगाची वाफ नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि मुलांना एकटे बसवू नये.

पोट उघडे की बंद?

आता त्या आप्तांच्या प्रश्नाकडे येतो. लिबरेटरच्या पोटाला बॉम्ब सोडण्यासाठी दारे असतात. ती इतर विमानांसारखी खाली उघडत नाहीत. दुकानाच्या शटरप्रमाणे गुंडाळत अंगाच्या बाजूने वर सरकतात. आत मधोमध नऊ इंच रुंदीची एक पट्टी आहे. उडत्या विमानात पुढून मागे जायचे तर त्या पट्टीवरून जावे लागे, दोन्ही बाजूंना बॉम्ब टांगलेले. माझ्या प्रतिकृतीत ती पट्टी सव्वातीन मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी भरते. कमी अंतराच्या मोहिमेत या पोटात ८,००० पौंडांपर्यंत बॉम्ब मावत.

संचात दोन्ही सोयी आहेत. दारे बंद करून चिकटवली तर काम वाचते आणि प्रश्नही मिटतो. चंदेरी अंगाचे, तिरंगी चिन्हाचे देखणे विमान काचेच्या कपाटात शोभेल आणि ते कशासाठी बनले होते हे कोणी विचारणार नाही. बँकेत यालाच ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात: वर्षअखेरीस ताळेबंद सजवून मांडायचा. आकडे खोटे नसतात, पण नको असलेले नजरेआड केलेले असतात. व्यापारी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या वहीत फक्त जमा लिहिलेली असते, त्या वहीवर कोणी उधार देत नाही.

म्हणून मी दारे उघडी ठेवली आहेत. आत बॉम्ब नाहीत, कारण पुण्याच्या तळावर जमिनीवर उभे असलेले विमान मी दाखवीत आहे. मात्र बॉम्ब टांगण्याच्या कड्या आहेत आणि ती अरुंद पट्टी आहे. रिकामे पोट दाखवून मी सुटका करून घेतली असे होऊ नये, म्हणून विमानाखालच्या लाकडी पाटावर एक कार्ड बसणार आहे. त्यावर दोन रकाने आहेत. नावे बाजूस प्लोएश्ती, ब्रह्मदेशची रेल्वे आणि निरपराध मृत; जमा बाजूस अटलांटिकची जहाजे, कोकोसहून टाकलेले अन्न आणि कानपूरच्या भंगारातून विमान उभे करणारे हात. खाली शिल्लक काढलेली नाही. ती काढण्याचा अधिकार माझा नाही.

शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले आहेत. त्या महायुद्धातील कोणती कृती कोणत्या भेदात बसवावी, याचा निर्णय हे सदर करू शकत नाही. एवढे मात्र निश्चित, की हिंसेकडे पाठ फिरवल्याने अहिंसा बळकट होत नाही. हिंसा कशी घडते, ती किती सुबक यंत्रातून घडते आणि किती साध्या माणसांच्या हातून घडते, हे जाणणाऱ्याचीच अहिंसा डोळस असते. लिबरेटर देखणे आहे, हेच त्याच्याविषयीचे सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. दारे उघडी ठेवली की ते सौंदर्य आणि ते काम एकाच नजरेत येते. हे मी त्या आप्तांना सांगितले. त्यांना ते पूर्ण पटले असे नाही. तरी त्यांनी कार्ड दोनदा वाचले आणि तुरुंगातील त्या स्त्रियांविषयी विचारले. माझ्या दृष्टीने कपाटातील जागेचे भाडे तेवढ्यात वसूल झाले.

प्रारंभ करणाऱ्यांसाठी

हा छंद घरात आणायचा असेल, तर चार इंजिनांच्या विमानाने आरंभ करू नये. १:७२ प्रमाणातील एकाच इंजिनाचे लहान विमान घ्यावे. हाताला वळण लागते आणि ते लवकर पूर्ण होते. निपर, चिमटा, दोन कानशी, पॉलिश पेपर, तीन कुंचले आणि खाली अंथरायला जुनी पांढरी चादर, एवढ्यावर काम सुरू होते. चादर अशासाठी, की पडलेला भाग तिच्यावर सापडतो. नातवंडांना सोबत घ्यावे, पण भाग कापण्याचे काम आपल्याकडे ठेवावे.

एक इशारा अपरिग्रहाचा. या छंदातील बहुतेक लोक बनवतात त्यापेक्षा पुष्कळ अधिक डबे विकत घेतात आणि न उघडलेल्या डब्यांची उतरंड कपाटात वाढत जाते. हातातले विमान पूर्ण झाल्यावाचून नवा डबा घरात आणायचा नाही, एवढा नियम पाळला तर खर्चही आटोक्यात राहतो आणि मनही.

आणि जे विमान निवडाल, त्याचा जमा-खर्च आधी वाचा. ते कोणी बनवले, कोणी चालवले, कोणावर चालवले आणि शेवटी त्याचे काय झाले, हे समजून घेतल्यावर डबा उघडा. मग प्रत्येक बारीक भाग हातात घेताना तो कशासाठी आहे हे ठाऊक असेल आणि मुलांनी काही विचारले तर उत्तर देता येईल.